सोने, मूल आणि न्यायालय : ‘सायलस मार्नर’, ‘मनूबाबा’ आणि एक चित्रपट

१. प्रास्ताविक

जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स (१८१९–१८८०) या इंग्रज लेखिकेची ‘सायलस मार्नर : रॅव्हलोचा विणकर’ ही कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. मराठीत तिची कथा साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) लेखणीतून ‘मनूबाबा’ या नावाने आली आणि ‘गोड गोष्टी’ या मालेतून मुलांच्या हाती पडली. पुढे १९९४ साली याच कादंबरीच्या आधारे अमेरिकेत ‘अ सिंपल ट्विस्ट ऑफ फेट’ हा चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शन गिलीस मॅकिनन यांनी केले. पटकथा स्टीव्ह मार्टिन यांनी लिहिली आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. एकाच मूळ संहितेची ही दोन रूपांतरे एका शतकातील, परंतु भिन्न भाषांतील, भिन्न माध्यमांतील आणि भिन्न वाचक-प्रेक्षकांसाठी केलेली आहेत. ती शेजारीशेजारी ठेवून वाचली असता पोसणाऱ्या पित्याच्या नात्याविषयी काय हाती लागते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तिन्ही कृतींची शीर्षके प्रथम पाहावीत. एलियटच्या शीर्षकात एका माणसाचे नाव, त्याचे गाव आणि त्याचा धंदा आहे. साने गुरुजींच्या शीर्षकात धंदा आणि गाव गळून पडतात आणि नावाला नाते चिकटते : मनूचा ‘मनूबाबा’ होतो. चित्रपटाच्या शीर्षकात माणूसही नाही आणि नातेही नाही. तेथे नियतीने दिलेली एक साधी कलाटणी आहे. कथा कोणाची आणि कशाची, याविषयी तीन निर्मात्यांनी घेतलेले तीन निर्णय या शीर्षकांतच नोंदले गेले आहेत.

या अभ्यासाला निमित्त वर्गातच मिळाले. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना तौलनिक साहित्याचा भाग शिकवताना मी ही तीन रूपे चर्चेसाठी घेतली होती. अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून ‘मनूबाबा’ची पातळ पुस्तिका विद्यार्थ्यांनी मिळवली होती. कथानक समजावून सांगताना, शेवटी मुलीचे खरे वडील तिला न्यायला येतात, असे वाक्य मी सहज बोलून गेलो. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने जवळ येऊन विचारले, “सर, मग यातले खोटे वडील कोणते?” तिला त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या समीक्षेच्या भाषेत ‘खरा बाप’ हा शब्दप्रयोग किती नकळत, आणि कोणाच्या बाजूने, वापरला जातो हे मात्र त्या प्रश्नाने लक्षात आणून दिले. पुढील विवेचन हे एका अर्थी त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

२. मूळ कादंबरीतील पितृत्व

सायलस मार्नर हा लँटर्न यार्ड येथील एका लहानशा धर्मपंथाचा निष्ठावान अनुयायी. जिवलग मित्राने रचलेल्या कारस्थानामुळे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. पंथातील मंडळी चिठ्ठ्या टाकून ईश्वराचा कौल घेतात आणि तो कौल निरपराध सायलसच्या विरुद्ध जातो. त्याची नियोजित वधूही पुढे त्याच मित्राशी विवाह करते. मनुष्यावरचा आणि ईश्वरावरचा असा दुहेरी विश्वास गमावून तो रॅव्हलो या दूरच्या खेड्यात येतो आणि पंधरा वर्षे मागावर एकट्याने काढतो. मजुरीची सोन्याची नाणी साठवावीत आणि रात्री दार लावून ती मोजावीत, एवढेच त्याचे जीवन उरते. एलियट त्याच्या विणण्याला कोळ्याच्या जाळे विणण्याची उपमा देते. त्या उपमेत कौशल्याच्या प्रशंसेपेक्षा हेतुशून्य यांत्रिकतेची सूचना अधिक आहे.

गावच्या जमीनदाराचा वाया गेलेला मुलगा डन्स्टन हे सोने चोरून नाहीसा होतो. लेखिकेने चोरीची रक्कम पैनपैशासह दिली आहे : २७२ पौंड, १२ शिलिंग आणि ६ पेन्स. पुढे वर्षअखेरच्या रात्री, बर्फ पडत असताना, अफूच्या आहारी गेलेली एक स्त्री वाटेत मरण पावते आणि तिची दोन वर्षांची मुलगी उजेडाच्या दिशेने रांगत-चालत सायलसच्या उघड्या दारातून आत येते. चुलीसमोर निजलेल्या त्या मुलीचे सोनेरी केस पाहून क्षीणदृष्टी सायलसला आपले सोनेच परत आले असे वाटते. तो हात पुढे करतो, आणि बोटांना कठीण नाण्यांऐवजी मऊ कुरळे केस लागतात. ही मुलगी डन्स्टनचा थोरला भाऊ गॉडफ्री याची गुप्त विवाहातून झालेली कन्या होय. गॉडफ्री तिला ओळखतो आणि गप्प राहतो. सायलस तिला ठेवून घेतो आणि आपल्या आईचे व धाकट्या बहिणीचे नाव तिला देतो. हेफ्झिबा हे ते नाव. त्याचेच लाडके रूप एपी.

सायलसचे पितृत्व एलियटने भावनेच्या उमाळ्यावर उभे केलेले नाही, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. ते कामांतून उभे राहते. मुलीला कपडे कसे घालावेत, ती मागाजवळ असताना तिला कसे सांभाळावे, शिक्षा करावी की करू नये, हे सर्व तो डॉली विन्थ्रॉप या शेजारणीकडून शिकतो. मुलीसाठीच त्याला गावाशी बोलणे भाग पडते. म्हणजे मुलीला बाप मिळतो त्याच क्रियेत सायलसला समाज मिळतो. हे नाते एका दिवशी जाहीर होत नाही. सोळा वर्षांच्या रोजच्या सवयीने ते साकार होते.

या चित्राच्या समोर लेखिकेने दुसरे घर ठेवले आहे. गॉडफ्री आणि नॅन्सी यांचे एकुलते मूल अर्भकावस्थेतच गेलेले आहे. मूल दत्तक घ्यावे असे गॉडफ्री सुचवतो. एपीच घरी यावी हा त्याचा छुपा हेतू. नॅन्सी मात्र ठाम नकार देते. ईश्वराने जे नाकारले ते हट्टाने मिळवू नये, अशी तिची श्रद्धा आहे. एकाच गावात एक निर्धन विणकर न विचारता पिता होतो आणि एक संपन्न दांपत्य तत्त्वापायी निपुत्रिक राहते. या विरोधातून कादंबरीचा नैतिक ताण निर्माण होतो.

३. ‘मनूबाबा’ : विणकराचा बाबा होणे

साने गुरुजींचे नाव घेताच मराठी मनात ‘श्यामची आई’ उभी राहते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला (१९५३) पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. मातृत्वाच्या या प्रतिमेचा प्रकाश एवढा प्रखर आहे की त्याच लेखकाने एका पुरुषाच्या वात्सल्याची कथा मराठीत आणली, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ‘मनूबाबा’ हे बालवाङ्मय म्हणून बाजूला ठेवले गेले, हेही त्याचे एक कारण असावे.

गुरुजींनी या कादंबरीची निवड का केली असावी, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने करता येतो. ते आजन्म अविवाहित राहिले. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांची त्यांनी केलेली सेवा सर्वश्रुत आहे. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारपणात उशाशी बसणे, ही रूढीने आईची मानलेली कामे एक शिक्षक करीत होता. स्वतःचे मूल नसलेला आणि अनेकांचे संगोपन करणारा हा पुरुष सायलस मार्नरच्या कथेत रमला, यात नवल नाही. तथापि चरित्रावरून कृतीचा अर्थ लावण्याला मर्यादा असतात. येथे ते केवळ एक सहायक प्रमाण समजावे.

रूपांतरातील सर्वांत अर्थपूर्ण निर्णय मुलीच्या नावाचा आहे. एलियटच्या एपीचा सोन्याशी असलेला संबंध तिच्या केसांच्या रंगात आहे. तिच्या नावात नाही. मराठीत सोनेरी केसांचे मूल हा स्वाभाविक तपशील नव्हे. गुरुजींनी मुलीचे नाव ‘सोनी’ ठेवले आणि मूळ कृतीतील दृश्य प्रतिमा भाषेच्या पातळीवर आणली. सोने गेले आणि सोनी आली, हे कथासूत्र मराठी मूल एका श्वासात समजू शकते. शिवाय मराठी घरांत मुलीला लाडाने ‘सोनी’, ‘सोनुली’, ‘सोन्या’ म्हणण्याचा प्रघात आहेच. त्यामुळे परक्या कथेतील मध्यवर्ती रूपक येथे परके राहत नाही. भाषांतराने जे गमावले असते ते रूपांतराने भाषेच्या अंगभूत सामर्थ्यातून परत मिळवले, असे म्हणता येईल.

दुसरा बदल वाचकाच्या संस्कारांत आहे. इंग्लंडच्या खेड्यात बाहेरून आलेला विणकर हा संशयाचा विषय होता. त्याच्या विद्येत काही काळेबेरे आहे अशी भीती एलियटने प्रारंभीच वर्णिली आहे. गुरुजींच्या वाचकाला मात्र विणकर म्हटले की कबीर आठवतो. कबीराला लहरतारा तलावाकाठी सापडलेले मूल म्हणून नीरू आणि नीमा या विणकर दांपत्याने वाढवले, ही कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्यात खादीच्या चळवळीने चरखा आणि माग यांना प्रतिष्ठा दिली होती. म्हणून कोळ्याच्या जाळ्याची उपमा मराठीत तेवढ्याच जोराने लागू पडणे अवघड होते. मूळ कादंबरीत माग हे एकाकीपणाचे यंत्र आहे; मराठी वाचकाच्या मनात तो श्रमाचा आणि साधुत्वाचाही सूचक ठरतो. याचा परिणाम असा की सायलसचे परिवर्तन एका दगडाला पाझर फुटण्यासारखे वाटते, तर मनूबाबाचे वात्सल्य प्रारंभापासूनच संभाव्य वाटते. नाट्य थोडे उणावते, आपलेपणा वाढतो.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बी.बी.सी.ने १९८५ साली ही कादंबरी दूरचित्रवाणीसाठी मूळ काळ आणि स्थळ राखून सादर केली, तेव्हा मागावर बसणारा सायलस बेन किंग्जली यांनी साकारला. त्यापूर्वी तीनच वर्षे, ‘गांधी’ या चित्रपटात, त्यांना भारतीय प्रेक्षकाने चरख्यावर सूत काततांना पाहिले होते.

४. चित्रपट : व्हर्जिनियातील सुतार

‘अ सिंपल ट्विस्ट ऑफ फेट’ने कथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्याच्या ग्रामीण भागात आणली आहे. नायक मायकल मॅकॅन हा विणकर नाही. तो लाकडी सामान घडवणारा कारागीर आहे. जमीनदारपुत्र गॉडफ्रीच्या जागी जॉन न्यूलँड हा राजकारणी आहे आणि चोर त्याचा भाऊ टॅनी. अफूची जागा अधिक तीव्र अमली पदार्थाने घेतली आहे. मुलीचे नाव मटिल्डा.

चित्रपटाने केलेला पहिला मोठा बदल नायकाच्या मूळ जखमेत आहे. सायलसचा विश्वासघात धर्मसमूहात घडतो; मॅकॅनचा वैवाहिक जीवनात. पत्नीच्या पोटात वाढणारे मूल आपले नसून आपल्या मित्राचे आहे, हे कळल्यावर तो संसार सोडून एकांतात जातो. हा बदल केवळ आधुनिक प्रेक्षकाच्या सोयीसाठी केलेला नाही. रक्ताने आपले नसलेले मूल, हेच येथे दुःखाचे कारण आहे. आणि रक्ताने आपले नसलेले दुसरे मूल, हाच त्या दुःखावरील उपाय ठरतो. रोग आणि औषध एकाच द्रव्याचे असावेत अशी ही रचना आहे. एलियटच्या कादंबरीत मुलीच्या येण्याने सायलसची ईश्वरावरील श्रद्धा आडवळणाने परत येते. चित्रपटात मॅकॅनचा पितृत्वाविषयीचा समज थेट बदलतो. धर्मविचार कमी झाला तरी पितृत्वाच्या आशयसूत्राला त्यामुळे अधिक धार आली आहे. या बाबतीत पटकथेने मूळ कृतीचा विस्तार केला, हे मान्य करावे लागते.

दुसरा मोठा बदल मुलीच्या वयात आहे. एपी अठरा वर्षांची असताना गॉडफ्री तिच्यावर हक्क सांगायला येतो. मटिल्डा सुमारे दहा वर्षांची असतानाच न्यूलँड पुढे सरसावतो. एपी विवाहाच्या उंबरठ्यावर आहे, ती स्वतःचे मत सांगू शकते. मटिल्डा अज्ञान आहे. वयातील या आठ वर्षांच्या अंतराने कथेचे निर्णायक स्थळच बदलते. कादंबरीत निर्णय झोपडीत होतो, चित्रपटात तो न्यायालयात जातो.

या स्थलांतराला तत्कालीन संदर्भ आहे. जन्मदाता आणि पालक यांच्यातील ताब्याचे खटले अमेरिकेत त्या काळी तीव्र लोकचर्चेचा विषय झाले होते. १९९३ साली मिशिगन राज्यात वाढलेली अडीच वर्षांची एक मुलगी, तिला जन्मापासून सांभाळणाऱ्या दांपत्याकडून काढून आयोवा राज्यातील जन्मदात्या माता-पित्यांच्या हवाली करण्यात आली; तिच्या निरोपाची दृश्ये देशभर दाखवली गेली. पुढच्याच वर्षी आलेल्या या चित्रपटाच्या प्रेक्षकाला न्यायालयातील प्रसंग कल्पित वाटण्याचे कारण नव्हते.

५. आधी सोने की आधी मागणी?

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करताना आपण बहुधा काय वगळले आणि काय घातले याची यादी करतो. जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या १९५७ सालच्या ग्रंथापासून मूलनिष्ठेच्या या कसोटीवर पुष्कळ टीका झालेली आहे. तरी अध्यापनात ती टिकून आहे, कारण ती सोपी आहे. प्रस्तुत उदाहरणात यादी करून फारसे हाती लागत नाही, कारण महत्त्वाचे प्रसंग दोन्ही कृतींत आहेत : पाणी उपसल्यावर चोराचा सांगाडा सापडतो, सोने परत मिळते, आणि जन्मदाता हक्क सांगतो. फरक प्रसंगांच्या क्रमात आहे. तो क्रमच या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

कादंबरीत दगडाच्या खाणीतील पाणी ओसरते, डन्स्टनचा सांगाडा सापडतो आणि सोने सायलसकडे परत येते. या घटनेने हादरून गॉडफ्री नॅन्सीला सर्व सांगतो आणि त्याच संध्याकाळी ते दोघे सायलसच्या घरी येतात. म्हणजे मागणी होते तेव्हा सोने मेजावर मांडलेले आहे. सायलसला आता कशाची ददात नाही. आणि त्याच वेळी त्या सोन्याचा त्याच्यावरील अंमलही संपलेला आहे. गॉडफ्री श्रीमंती, शिक्षण आणि कुलीन घर देऊ करतो. सायलस मुलीच्या वाटेत न येण्याचे ठरवून तिलाच बोलायला सांगतो. एपी नकार देते. या नकाराचे सौंदर्य असे की त्यात दारिद्र्याविषयीची दया नाही आणि धनाचा मोहही नाही. दोन्ही बाजूंचे सोने लेखिकेने आधीच निष्प्रभ करून ठेवले आहे. मेजावरील नाणी या प्रसंगात केवळ साक्षीदार आहेत.

साने गुरुजींनीही हा निर्णय मुलीच्याच हाती ठेवला आहे. बालवाचकासाठी लिहिताना, मूल मोठ्यांच्या वादातील वस्तू नाही, ते बोलू शकते, हे मूळ कृतीचे तत्त्व त्यांनी सोडले नाही. उपदेशपरतेचा आक्षेप त्यांच्या लेखनावर नेहमी घेतला जातो. परंतु येथे उपदेश करणारा वडीलधारा माणूस नसून एक मुलगी आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

चित्रपटात क्रम उलटतो. आधी मागणी, मग खटला, आणि खटल्याचा कल श्रीमंत जन्मदात्याच्या बाजूने झुकत असताना खाणीतून टॅनीचा सांगाडा आणि मॅकॅनची नाणी बाहेर येतात. मॅकॅन पुन्हा संपन्न होतो आणि मुलगी त्याच्याकडे राहते. प्रेक्षकाला सुटकेचा आनंद मिळतो, कथाही उत्कंठावर्धक होते. पण अन्वयार्थाच्या दृष्टीने काय घडले? कादंबरीत जे सोने अखेरीस निरर्थक ठरले होते, तेच चित्रपटात निर्णायक झाले. मॅकॅनचे प्रेम न्यायालयाला पुरेसे वाटत नव्हते. त्याच्या नाण्यांनी पारडे फिरवले. सोने सापडलेच नसते तर? एलियटच्या कादंबरीत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : एपीने तेच उत्तर दिले असते. चित्रपटात ते उत्तर देता येत नाही.

याचा दोष पटकथाकाराला द्यावा असे मला वाटत नाही. निर्णय झोपडीतून न्यायालयात गेला की पुरावा, उत्पन्न, राहणीमान यांची भाषा अपरिहार्यपणे येते. दहा वर्षांच्या मुलीची इच्छा हा तेथे एक विचारार्ह मुद्दा असतो. अखेरचा शब्द तिचा नसतो. चित्रपटाने आपल्या काळाच्या संस्थेचे चित्र प्रामाणिकपणे काढले आणि त्या प्रामाणिकपणातच त्याची कोंडी झाली. त्या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी त्याला नियतीचा आधार घ्यावा लागला. शीर्षकात नियती का आली, याचा उलगडा येथे होतो.

६. आपल्या परंपरेतील साक्ष

एपीचा नकार भारतीय वाचकाला अपरिचित वाटत नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून पांडवांकडे येण्याचे आवाहन करतो, तेव्हा कर्ण राधा आणि अधिरथ यांनी केलेल्या संगोपनाचा हिशेब मांडतो. जातकर्म अधिरथाने केले, नाव त्याने ठेवले, विवाह त्याने करून दिले. ते नाते सबंध पृथ्वी मिळाली किंवा सुवर्णाच्या राशी मिळाल्या तरी मोडता येणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. जन्मसंबंध एका बाजूला, संगोपन दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये सोन्याचे आमिष, ही मांडणी एलियटच्या प्रसंगाशी विलक्षण जुळते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) आणि रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ने (१९७३) कर्णाला मराठी मनात जे स्थान दिले, त्यात त्याच्या अन्यायपीडित शौर्याची चर्चा अधिक झाली. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या सारथी बापाची चर्चा त्या मानाने थोडी झाली आहे. ‘राधेय’ हे नाव आईवरून आले. अधिरथ तेथेही मागेच राहिला.

आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात हा विचार तत्त्वरूपाने येतो. पक्ष्यांनी राखलेली मुलगी कण्वाला वनात सापडते आणि तो तिला कन्या मानतो. त्या संदर्भात शरीर देणारा, प्राण राखणारा आणि अन्न देणारा असे पित्याचे तीन प्रकार सांगितलेले आहेत. येथे ‘खरा’ आणि ‘खोटा’ अशी विभागणी नाही. तिघेही पिताच, त्यांचे कार्य भिन्न. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पुण्यात सिद्ध झाली, त्याच शहरातील एका वर्गात मी ‘खरे वडील’ हे पद सहज वापरले, याची खंत येथे नोंदवतो.

७. कायदा आणि बुधवार पेठ

परंपरेत असा उदार विचार असला तरी व्यवहारातील ‘दत्तक’ ही संस्था वेगळ्या हेतूने वाढली. पिंडदान आणि वारसा यांसाठी मुलगा हवा, हा तिचा पाया. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ साली येईपर्यंत, काही रूढींचे अपवाद सोडल्यास, मुलगी दत्तक घेण्याला हिंदू कायद्यात स्थान नव्हते. म्हणजे साने गुरुजींचा मनूबाबा सोनीला वाढवतो, त्या नात्याला त्यांच्या हयातीत कायद्याचे नाव नव्हते. इंग्लंडातही कायदेशीर दत्तकविधान १९२६ च्या कायद्याने आले. सायलस आणि एपी यांच्यामध्ये कोणताही कागद नाही. हे दोन्ही लेखक कायद्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या नात्याविषयी लिहीत होते.

पुणेकर वाचकाला येथे एक जवळचे उदाहरण आठवेल. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि एका विधवा ब्राह्मण स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला १८७४ साली आपला मुलगा म्हणून स्वीकारले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेत उभा राहिला. वंशसातत्यासाठी स्वजातीय मूल घ्यावे, या दत्तकामागील रूढ कल्पनेला या कृतीने छेद दिला. १८८७ सालच्या मृत्युपत्राने जोतीरावांनी यशवंताच्या हक्काची तजवीज केली, यावरून नुसत्या मायेवर हे नाते समाजात टिकणार नाही याची त्यांना जाणीव असावी असे दिसते. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. शाळेची आठवण तेथे जागती राहीलच. तिच्या संस्थापकाच्या पितृत्वाची आठवणही अभ्यासकांनी जागती ठेवावी.

आजच्या कायद्याने मात्र आपल्या विषयाला एक अनपेक्षित वळण दिले आहे. १९५६ च्या कायद्यानुसार पुरुषाने मुलगी दत्तक घ्यावयाची असल्यास दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर असावे लागते. एकट्या पुरुषाला तो मार्ग बंद नाही. परंतु अनाथ व परित्यक्त बालकांचे दत्तकविधान ज्या कायद्याखाली होते, त्या बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५७ नुसार एकटा पुरुष मुलगी दत्तक घेण्यास पात्र नाही. या तरतुदीमागे मुलींच्या सुरक्षिततेची रास्त चिंता आहे आणि तिची टवाळी करणे योग्य होणार नाही. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला हे दिसल्यावाचून राहत नाही की, बर्फातून किंवा पावसातून आलेले अनाथ मूल आज दारात सापडले, तर सायलस मार्नरला किंवा मनूबाबाला या कायद्याखाली ती मुलगी आपली म्हणता येणार नाही. कायदा सरासरी माणसाचा विचार करतो, कादंबरी एका माणसाचा. दोघांची ही भिन्न कर्तव्ये ध्यानात घेऊनच अशा कृती वर्गात शिकवाव्यात.

८. समारोप

विवेचनाचा सारांश असा. एलियटने संगोपनातून घडलेले पितृत्व मुलीच्या मुक्त निवडीने सिद्ध केले आणि त्यासाठी सोने आधीच निष्प्रभ करून ठेवले. साने गुरुजींनी सोन्याचे रूपक मुलीच्या नावात उतरवले, विणकराला ‘बाबा’ केले आणि निवडीचा हक्क मुलीकडेच राखला. चित्रपटाने नायकाची जखम पितृत्वाशी थेट जोडून मूळ आशय एका अंगाने समृद्ध केला. परंतु घटनाक्रम उलटा केल्यामुळे अखेरचा निर्णय पुन्हा सोन्याच्या स्वाधीन झाला. रूपांतराचा अभ्यास करताना काय ठेवले आणि काय सोडले याबरोबरच कशाच्या आधी काय आले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारावा. प्रसंग तेच राहूनही क्रम बदलताच अर्थ बदलतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे अखेरीस परत येतो. मराठीत जन्मदाता, पालक, पोशिंदा असे अर्थभेद दाखवणारे शब्द आहेत आणि ‘बाबा’ हा त्या सर्वांना सामावून घेणारा शब्दही आहे. ते हाताशी असताना ‘खरे वडील’ हे पद वापरणे केवळ अचूकतेच्या दृष्टीनेही सदोष ठरते. वर्गात बसलेल्या चाळीस मुलामुलींपैकी कोणाच्या घरी कोणती कथा घडली आहे, हे शिक्षकाला माहीत नसते. गॉडफ्री कॅस हा एपीचा जन्मदाता आहे आणि सायलस मार्नर तिचा बाप आहे. यंदापासून मी हे वाक्य असेच सांगतो.